चाँदभाऊचं भेव

बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं होतं, म्हणून मी अंगणात गोधड्या वाळत घालत होते. तेवढ्यात शबानाचा फोन आला. "आत्या, अब्बा नाही राहिले," एवढंच बोलली पोरगी आणि पुढे नुसतं रडणं. चाँदभाऊ गेले. जेवून दुकानातल्या खाटेवर जरा आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत. आता खरं सांगते, कोणाला पटो न पटो, मला आधी रडू आलं नाही. आधी भीती वाटली. पोळा तोंडावर आला होता, आणि पहिला विचार मनात आला तो हा, की आता पोळ्यात कसं होईल? बाई गं, माणूस गेलं आणि मला बैलांचं पडलं होतं! पण ज्यांनी ती वर्षं आमच्याबरोबर काढली, ते मला नावं ठेवणार नाहीत. पांढरकवड्याला त्यांच्या घरी पोहोचले तर जैबुनभाभी भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "ताई, भेले नसतीन ना हो ते?" मी म्हटलं, "झोपेत गेले भाभी, भ्यायला वेळच कुठं भेटला." त्या मान हलवत राहिल्या, पण माझा हात काही त्यांनी सोडला नाही.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना चाँदभाऊ माहीत असण्याचं कारण नाही. धंद्याने ते मोटार वाइंडिंगवाले. विहिरीवरचा पंप जळला की केळापूर तालुक्यातला निम्मा शेतकरी त्यांच्याच दुकानात यायचा. पण लोक त्यांना ओळखायचे ते गणपती-दसऱ्याच्या नाटकांतला भित्रा माणूस म्हणून. भुताला भिणारा चौकीदार, बायकोला भिणारा फौजदार, नवरीला पाहून मांडवातून पळणारा नवरदेव... सगळी कामं भित्र्याची. स्टेजवर आले की आधी गुडघे लटपटायचे, मग हनुवटी, मग लुंगी सुटायला लागायची, आणि ती धरायची की पळायचं या घोळात ते असे सापडायचे की बायाबापड्या पोट धरून हसायच्या. मी एकदा विचारलं, "भाऊ, हे शिकले कुठं?" तर म्हणाले, "शिकाचं काय हाये त्यात? मले खरंच भेव लागते ना ताई. पालीचं लागते, सुईचं लागते, फोन वाजला तरी लागते. साऱ्यायलेच लागते. लोकं लपवतात, मी लपवत नाही, म्हणून त्यायले हासू येते." हे ते गंमत म्हणून बोलले नव्हते. आमच्या घरी चहा पिताना भिंतीवर पाल चुकचुकली तर कप तिथेच ठेवून हा माणूस अंगणात जायचा, आणि पाल गेल्याची खात्री मी दिल्याशिवाय आत यायचा नाही.

मी स्वतः शिवणक्लास चालवायची आणि गाणी करायची. करायची म्हणजे लिहायची, चाल लावायची आणि भजनी मंडळाच्या बायांना घेऊन म्हणायची. पऱ्हाटीची गाणी, म्हणजे कपाशीची. निंदणाची, वेचणीची, सासू-सुनेच्या भांडणाची. बोंडअळीच्या त्या वर्षांत माझी गाणीच आटली. फवारे मारून मारून लोक थकले, हिरवीगार दिसणारी पऱ्हाटी आतून पोकळ निघायची. आणि गावात एक विचित्र सवय लागली... रस्त्याने जाताना कोणाचं दार लोटलेलं दिसलं, की बाई असो बाप्या असो, थांबून हाक मारायचा. "हाये का घरात?" आतून "हाव" आलं की पुढे जायचं. काही काम नसायचं. नुसतं उत्तर ऐकायचं असायचं. आमचे हे तर बोलायचेच बंद झाले होते. सकाळी शेतात जायचे, संध्याकाळी यायचे, जेवायचे. मी दिवसभर मशिनवर बसून कान सायकलच्या आवाजाकडे लावायची. पायाखालचं पायडल थांबायचं आणि माझ्या ध्यानातही यायचं नाही. मला त्यांना विचारायचीही भीती वाटायची, न जाणो काय उत्तर येईल!

अशातच एक दिवस चाँदभाऊ आमच्या विहिरीवरची मोटार घेऊन आले. हे ओट्यावर बसले होते, मुके. मोटार उतरवताना घमेल्याखालून एक बेडूक उडाला. चाँदभाऊंनी अशी काही बोंब मारली आणि अंगणातल्या तुळशीमागे जाऊन असे काही लपले की काय सांगू! आणि ओट्यावरून आवाज आला. हे हसत होते. किती महिन्यांनी हसत होते देव जाणे. मी आत जाऊन पदर तोंडात घालून रडले. चहा घेऊन बाहेर आले तर चाँदभाऊ गंभीर होऊन बसलेले. म्हणाले, "ताई, लोकं हासाचे बंद होऊन राह्यले. मले लय भेव लागून राह्यलं. आपन कॅसेट काढू. तुही गानी, माह्या झडत्या."

झडती म्हणजे आमच्या वऱ्हाडात पोळ्याला म्हणायचं खोडकर कवन. आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, सजवलेले बैल आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेने उभे असतात. एकेक माणूस पुढे होऊन झडती म्हणतो, त्यात सरपंचापासून साहेबापर्यंत सगळ्यांची टोपी उडवतो, आणि शेवटी 'हर बोला' म्हटलं की सारं गाव 'हर हर महादेव' म्हणून गर्जतं. झडत्या संपल्या की ढोल वाजतो, फटाके उडतात, तोरण तुटतं आणि बैल गावाकडे धावत सुटतात. त्याला पोळा फुटणं म्हणतात. चाँदभाऊ लहानपणापासून बापासोबत खेड्यापाड्यांत फिरलेले, त्यांना झडत्या तोंडपाठ होत्या आणि नव्या करायला तर घटकाही लागत नसे.

यवतमाळला एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत आम्ही ती कॅसेट भरली. भिंतींना गाद्या टेकवल्या होत्या आणि आवाज येतो म्हणून पंखा बंद. घामाच्या धारा! माझी गाणी झाली, आणि चाँदभाऊ माइकपुढे उभे राहिले ते उभेच. शब्द फुटेना. "ताई, ह्या दांड्याले पाहून मी कसा भेऊ? हा हासत नाही ना!" शेवटी मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले. मग सुटले ते. मला आवाज न करता हसायचं होतं, सगळा पदर तोंडात कोंबला होता, तरी एका ठिकाणी माझा फिसकन आवाज आलाच. तो तसाच ठेवला. त्यातली एक झडती अजून लोकांच्या तोंडी आहे:

बोंड लागलं झाडावर, अळी बसली बोंडावर,
फवारा घेतला खांद्यावर, अळी हासे बांधावर,
साहेब आला गाडीवर, चष्मा त्याच्या नाकावर,
पंचनामा केला कोंबडीवर!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला...

कॅसेटचा शेवट खराखुरा व्हावा असं त्यांच्या मनात होतं. म्हणून आमच्याच गावच्या पोळ्यात आदल्या वर्षी टेपरेकॉर्डरवर भरून आणलेला ढोल, फटाक्यांची लड आणि "फुटला रे फुटला" हा गलका शेवटच्या झडतीला जोडला. मला धाकधूक होती ती वेगळीच. मी चाचरत म्हटलं, "भाऊ, तुम्ही महादेवाच्या नावानं पुकारा करता... कोणी काही बोललं म्हणजे?" ते म्हणाले, "बैलाचा कासरा धरून तोरनाखाली उभा राह्यलो तवा कोनी बोललं नाही, आता कायले बोलतीन?" कॅसेटचं नाव ठेवलं 'भित्रा भाऊ, पऱ्हाटी ताई'. वेष्टनावर आमचा दोघांचा फोटो. त्यात मी माइकपुढे उभी, आणि ते माझ्या मागे लपलेले.

कॅसेट चालली. इतकी चालली की आम्हीच चकित. काळीपिवळी जीपगाड्यांत वाजायची, पानठेल्यावर वाजायची, जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागली की तिथे वाजायची. एकाची आणून दुसरा उतरवून घ्यायचा, दुसऱ्याची तिसरा. पार फुलसावंगीकडून एक बाई लेकीच्या गावाला जाता जाता वाट वाकडी करून माझ्याकडे आली. म्हणाली, "आमचा बुढा हासला वं बाई, तुले पाहाले आली." पाणी प्याली आणि गेली. मला वाटलं, चला, भेवाची वर्षं सरली.

त्या वर्षीचा पोळा आमच्या गावात मोठा भरला. आम्हा दोघांना मानाने पुढे खुर्च्या दिल्या होत्या. बैल रांगेत उभे होते आणि मानकरी पाटील यायचे होते. लोक कंटाळले, म्हणून भोंगेवाल्याने आमची कॅसेट लावली. त्याचं तरी काय चुकलं? पोळ्यात झडत्यांची कॅसेट लावायची नाही तर कुठे? लोक हसत होते, चाँदभाऊ खुर्चीतून हात जोडत होते. शेवटची झडती आली. भोंग्यातून 'हर बोला' आलं आणि सवयीने अख्खं आखर गर्जलं. त्या गर्जनेपाठोपाठ भोंग्यातून ढोल, फटाके आणि तो गलका. आमच्या गावचाच ढोल, आमच्याच पोरांचे आवाज! बैलांना काय कळतं कॅसेट म्हणजे काय? त्यांच्या हिशेबी पोळा फुटला. कासरे हिसकून सगळी रांग सुटली. तोरण फाटून खाली आलं. गंगामाय, आमच्या गावातली म्हातारी, आरतीचं ताट घेऊन रांगेपुढे बैलांना ओवाळत होती... ती दिसेनाशी झाली. धूळ बसली तेव्हा ताट एकीकडे होतं आणि माय एकीकडे. आणि भोंग्यातून तो गलका येतच होता, "फुटला रे फुटला!"

चाँदभाऊंचा तो चेहरा मी विसरू शकत नाही. गुडघे लटपटत होते, हनुवटी थरथरत होती. सगळं स्टेजवरच्यासारखंच, फक्त हसणारं कोणी नव्हतं.

गंगामायला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. मांडीचं हाड मोडलं होतं, डोक्याला मार होता, शुद्ध नव्हती. चाँदभाऊ बाहेरच्या लिंबाखाली बसून राहिले. सुईला भिणारा माणूस, पण रक्त लागेल म्हटल्यावर पहिला हात त्यांनीच पुढे केला, डोळे गच्च मिटून. मला सारखं म्हणायचे, "ताई, माय गेली तं माह्या आवाजानं गेली. मंग मी हे तोंड कुठं ठेवू?" इकडे पानठेल्यावर दोन-चार टाळक्यांनी सुरू केलंच, की याला महादेवाचं नाव घ्यायला सांगितलं कोणी. मी म्हटलं, "भाऊ, काही दिवस आदिलाबादला सासुरवाडीला जा." तर म्हणाले, "भेव तं लय लागून राह्यलं. पन मायले शुद्ध आल्यावर मी दिसलो नाही, तं तिले काय वाटीन?" ते हलले नाहीत. मायला शुद्ध आली. पानठेल्यावरचं बोलणं तिच्या कानावर गेलं तशी ती खाटेवरूनच कडाडली, "माह्या पायावर बैल पडला, चाँद नाही पडला! कोन बोलते त्याले घेऊन या माह्यापुढं!" मग कोणी बोललं नाही. माय पुढे कित्येक वर्षं जगली, लंगडत, पण जगली.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण चाँदभाऊंचं भेव इथून खरं सुरू झालं. कॅसेट गावोगाव पोहोचली होती. कुठे किती उतरवल्या गेल्या त्याचा ठावठिकाणा नाही. पुढच्या पोळ्याला कोणत्या गावात कोणता भोंगेवाला ती लावेल आणि कोणाची गंगामाय ओवाळायला उभी असेल, कोण सांगणार? दुकानातल्या उरलेल्या कॅसेटी त्यांनी जाळल्या. पण लोकांच्या घरातल्या कशा जाळणार? ते जेवेनासे झाले. जैबुनभाभी मला म्हणायच्या, "ताई, हे झोपेत 'धरा, धरा' ओरडतात." कळंबच्या चिंतामणीपुढे मी हात जोडले, त्यांनी दर्ग्यावर चादर चढवली. आमच्या दोघांचे देवही एव्हाना कामाला लागले असतील!

उन्हाळा संपता संपता त्यांनी आठवडी बाजार धरले. ज्या गावचा बाजार असेल तिथे जायचं, भोंगेवाला शोधायचा, आणि भर बाजारात त्याच्यापुढे हात जोडायचे. "बंद कर रे बापा! शेवटची झडती लावू नको, बैलं सुटतीन, मानूस मरन! बंद कर रे, नाही तं मी मरन!" हनुवटी थरथरायची, डोळ्यांत पाणी यायचं. मी शेजारी उभी असायची आणि मला ब्रह्मांड आठवायचं, कारण लोक हसायचे! गर्दी जमायची. लोकांना वाटायचं, चाँदभाऊची नवी नक्कल आली. पोरं त्यांच्यामागे "बंद कर रे बापा" ओरडत फिरायची. एका बाजारात तर लोकांनी टाळ्या वाजवून पुन्हा एकदा करायला लावलं. परतताना एस. टी. त ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. म्हणाले, "ताई, जिंदगीभर भेव दाखवून हासवलं. आता खरं सांगाले जातो तं खोटं वाटते लोकायले. आता काय करू मी?" मी नुसती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

पोळ्याचा दिवस आला. सकाळपासून मी त्यांच्या दुकानात जाऊन बसले. घरी बसवेना. दुकानात फोन होता. एरवी तो वाजला की दचकणारे चाँदभाऊ त्या दिवशी त्याच्यासमोर मांडी घालून बसले होते. दुपार कलली. पोळे भरायची वेळ झाली. फोन वाजला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. कोणी उचलेना! शेवटी मी उचलला. पलीकडून एक भोंगेवाला हसत ओरडत होता, "ताई, भाऊले सांगा, आमच्याइथं लय मजा आली! कॅसेट लावली, शेवटची झडती आली, आन् सारं गाव ओरडलं, 'बंद कर रे बापा, चाँदभाऊ मरन!' मी केली बंद! लोकं लोटपोट!" मी म्हटलं, "आणि बैल?" तो म्हणाला, "बैलं? बैलं उभे हायेत ना." मी तेच चाँदभाऊंना सांगितलं. संध्याकाळपर्यंत फोन येत राहिले, पोळा पाहून परतणारे लोक येऊन सांगत राहिले. गावागावात हेच. हसत हसतच लोकांनी त्यांचं ऐकलं होतं. चाँदभाऊ वाइंडिंगच्या तारेचा गुंता मांडीवर घेऊन लहान मुलासारखे रडले.

आणि मग तो रिवाजच पडला. कॅसेटी गेल्या, सीडी आली, ती गेली आणि पेनड्राइव्ह आला. पण पोळ्याला त्या झडत्या लागतात आणि शेवटची सुरू झाली की सारं आखर ओरडतं, "बंद कर रे बापा, चाँदभाऊ मरन!" भोंगेवाला मुद्दाम जरा थांबतो, लोकांना आणखी ओरडायला लावतो आणि बंद करतो. मग पाटील येतात, खऱ्या झडत्या होतात, खरा पोळा फुटतो. कॅसेट काय होती हे आजच्या पोरांना ठाऊक नाही, पण ओरडायचं कुठे ते बरोबर ठाऊक आहे. चाँदभाऊ दर वर्षी आमच्या गावाला यायचे आणि ती वेळ आली की कानांत बोटं घालून डोळे मिटून उभे राहायचे. लोकांना तेही सोंगच वाटायचं.

या वर्षी ते नव्हते. मी तर म्हटलं होतं, यंदा लावूच नका. पण गावाची इच्छा पडली की भाऊचा आवाज ऐकायचा. मी पुढे खुर्चीवर बसले. शेजारची खुर्ची रिकामी ठेवली होती. त्यांचा आवाज भोंग्यातून आला तसे लोक हसले, मग डोळे पुसू लागले. माझा तो फिसकन हसलेला आवाजही आला. शेवटची झडती सुरू झाली. ओरडायची वेळ झाली... आणि कोणी ओरडेना. साऱ्यांची तोंडं उघडली आणि तशीच मिटली. गेलेल्या माणसाबद्दल 'मरन' कसं म्हणायचं? भोंगेवाला लोकांकडे पाहतोय, लोक एकमेकांकडे पाहताहेत, आणि झडती पुढे सरकतेय. रांगेत बैल उभे. गंगामायची नातसून आरतीचं ताट घेऊन नेमकी रांगेपुढे, कडेवर तिचं लेकरू. इतकी भीती मला त्या पहिल्या पोळ्यातही वाटली नव्हती. 'एक नमन गौरा पार्वती' झालं, आणि मी उठून उभी राहिले. मी गाणारी बाई, ओरडणं माझ्या गळ्यात नाही. पण ओरडले. "बंद कर रे बापा! चाँदभाऊ मरन!"

भोंगेवाल्याने झडप घालून बंद केलं. पण दर वर्षीपेक्षा अंमळ उशीर झाला होता. 'हर बोला' म्हणण्याआधी त्यांनी छाती भरून घेतलेला श्वास, जो आजवर आम्ही कधी ऐकलाच नव्हता, तो भोंग्यातून आखरभर ऐकू आला, आणि तिथेच थांबला. बैल जागचे हलले नाहीत.